व्हायोलिनच्या आतलं नाव

क्रेमोना, इटली
१८ ऑक्टोबर १९९८

तीर्थरूप भाई यांना,
दस्तगीरचा सलाम.

मायना वाचून तुम्ही हसाल. जोगमास्तरांनी पाचवीत छडी घेऊन घोकून घेतला, तो अजून हातून सुटत नाही. सलामाच्या शेजारी तीर्थरूप बसलेलं बघून भाभींनाही गंमत वाटेल. असो. मी खुशाल आहे. तिकडे तुम्ही सगळे बरे असाल.

भडंगाचं पार्सल परवा मिळालं. एक कोपरा फाटला होता. वाटेत कुणीतरी मूठभर खाल्लं असावं, त्याचं भलं होवो. वाटीभर एर्सिलियाबाईंना दिलं. या माझ्या घरमालकीण, वय एकोणऐंशी. नवरा पो नदीवर होडी चालवायचा, तो जाऊन वीस वर्षं झाली. खाली त्या राहतात, वरच्या खोलीत मी. पहिला घास घेतला आणि बाईंना ठसका लागला. पाणी प्यायल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "दास्तो, तुमच्या गावात हे खातात की शत्रूवर फेकतात?" मग वाटी पुढे करून म्हणाल्या, "घाल अजून." माझं नाव इतक्या वर्षांत त्यांना नीट घेता आलेलं नाही. पण कुणी चुकीचं घेतलं तर त्याला दुरुस्त करतात, तेही चुकीचंच सांगून.

धुकं सुरू झालं. आता मार्चपर्यंत हे असंच. चौकातला मोठा मनोरा कमरेपासून वर नाहीसा झालाय. घंटा तेवढी ऐकू येते, कुठून ते कळत नाही. सायकलवाले अंदाजानं घंटी वाजवत जातात आणि समोरून कुणी आलं की दोघंही "कोण? कोण?" करत थांबतात. काल मी असाच पाद्रीबुवांच्या अंगावर गेलो. ते म्हणाले, "माझी वेळ झाली असेल तर हरकत नाही, पण सायकलखाली नको रे."

समोरच्या घरात एक कोरियन मुलगा राहतो, व्हायोलिनच्या शाळेतला. खिडकीशी बसून दिवसभर लाकूड खरवडत असतो. तो आवाज आला की मी हातातलं काम थांबवतो. भाई, आपल्या माडीवर सतारी-तंबोऱ्यांचे भोपळे वाळत घातलेले असायचे, आठवतं ना? पन्नास-साठ भोपळे, एकेकाची मान एकेका दिशेला, जणू लग्नाची पंगत उठून तिथेच झोपलीय. अब्बा एकेकाला टिचकी मारत फिरायचे आणि कान लावायचे. "हा गाणार. हा नुसता ओरडणार. ह्याला भाजीवालीकडं परत द्या." तुम्ही मागे वही घेऊन, आणि मी तुमच्या मागे अब्बांची नक्कल करत. एकदा त्यांनी वळून बघितलं आणि माझ्याच डोक्यावर टिचकी मारली. "हे कच्चं आहे अजून."

इथे बाजारात भोपळे येतात ते खायला. शनिवारी सवयीनं एकाला टिचकी मारली, तर बाजारवाला म्हणाला, "साहेब, शिजवणार आहात की वाजवणार?" आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसलो. पण वाजला चांगला. आणला.

तुमच्या तहसीनबद्दल लिहिलंत ते वाचलं. तिला कॉलेज सोडून दुकानात बसायला लागून वर्ष झालं, हातही चांगला आहे, हे ऐकून बरं वाटलं. मी नव्वद साली आणलेलं व्हायोलिन तुम्ही काचेच्या पेटीत ठेवलंय आणि ती ते रोज काढून बघते, असंही लिहिलंत. कशाला एवढं? आता तिला इथल्या शाळेत यायचंय आणि माझ्या हाताखाली काम करायचंय म्हणता. याबद्दल सविस्तर पुढच्या पत्रात लिहितो. आज घाई आहे.

एर्सिलियाबाई खालून ओरडतायत, बूट दाराबाहेर काढ म्हणून. रोजचं आहे.

भाभींना सलाम. तहसीनला आशीर्वाद.

तुमचा
दस्तगीर


१३ डिसेंबर १९९८

तीर्थरूप भाई यांना,
दस्तगीरचा सलाम.

तुमचं पत्र मिळालं. रागावलात. मागच्या महिन्यात मी थंडी, भाषा, एकटी मुलगी अशी कारणं लिहिली होती. त्यावर तुम्ही लिहिता, "तू गेलास तेव्हा तुला काय भाषा येत होती? का थंडी आधी तुला विचारून पडली? पोरगी हाय म्हणून नको म्हणायलास काय दस्त्या? सरळ सांग की. अब्बा असते तर पहिल्या गाडीनं पाठवली असती."

पोरगी आहे म्हणून नाही, भाई. तेवढं तरी माझ्याबद्दल मनात आणू नका.

आज इथे लहान मुलांचा सण. सेंट लुसियाबाई गाढवावर बसून येते आणि पोरांना खाऊ, खेळणी ठेवून जाते. मुलं आदल्या संध्याकाळी गाढवासाठी खिडकीत गवत ठेवतात. एर्सिलियाबाईंची पणती पाच वर्षांची आहे. बाईंनी आठ दिवस आधीपासून माझ्यामागे लकडा लावला, "दास्तो, गवत विसरू नकोस. सुकं पाहिजे, हिरवं आणलंस तर गाढवाचं पोट बिघडेल." आणलं. भारा बघून पणतीनं विचारलं, "एकच गाढव आहे ना?" एवढं सुंदर गवत कुठून आणलं हे सगळ्या गल्लीनं विचारलं. ओळखीच्या माणसाकडून.

पत्रासोबत तहसीनची चिठ्ठीही मिळाली. अक्षर अगदी अम्मांसारखं, शेवटचा शब्द ओळीबाहेर पळणारा. तिनं बेळगावच्या एका बाईंच्या तंबोऱ्याची तारांखालची घोडी घासून जवारी लावली. बाईंनी तार छेडली, परत छेडली आणि म्हणाल्या, "हा तर तुझ्या आजोबांचा हात आहे." हे वाचून मी चिठ्ठी खाली ठेवली. थोड्या वेळानं परत उचलली.

पुढे तिनं लिहिलंय, की दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा मागून आणला आणि बॅटरी धरून व्हायोलिनच्या पोटात बघितलं. "चाचा, आत वरच्या फळीवर पेन्सिलीनं 'आल्दो बी. ८३' असं लिहिलंय. आल्दो कोण? तुमचं नाव कुठंच कसं नाही? मी दोनदा शोधलं."

तिला सांगा, शाळेत लाकडं एकमेकांत बदलली जातात. कुणाच्या फळीवर कुणाचं नाव असतं. त्यात विशेष काही नाही.

फॉर्ममध्ये भरायला तिला माझ्या कारखान्याचा पत्ता पाहिजे. पाठवतो.

तुमचा
दस्तगीर


२४ जानेवारी १९९९

भाई,

मागच्या पत्रातलं आल्दोबद्दलचं वाक्य खोटं होतं. ते व्हायोलिन आल्दोनंच बनवलं. माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा. शाळा संपवून बापाच्या बेकरीत परत जाताना मला देऊन गेला. म्हणाला, "पावाच्या पिठात खराब होईल." मिरजेला आलो तेव्हा ते घेऊन आलो. तुम्ही विचारलंत, "तू केलास?" आणि मी मान डोलावली. तोंडानं बोललोसुद्धा नाही. तुम्ही ते दोन्ही हातांत धरलंत आणि अब्बांच्या गादीवर ठेवलंत. तहसीन चौदा वर्षांची होती, दारात उभी राहून बघत होती. तेव्हा सांगायला पाहिजे होतं. पंधरा दिवस होतो, पंधरा वेळा ओठांवर आलं.

मी वाद्यं बनवत नाही. या चौदा वर्षांत एकही बनवलं नाही. माझा कारखाना नाही. गावाबाहेर सहा किलोमीटरवर एक गोठा आहे, एकशेदहा गाई. पहाटे सायकलवरून जातो, दूध काढतो, शेण ओढतो, चारा घालतो, दुपारी परत पाच तास. माझ्याबरोबर जालंधरकडचे तिघं आहेत. मालक बरा माणूस आहे. काम वाईट नाही, भाई. हे तुम्हाला खरं वाटणार नाही, पण अडलेली गाय माझ्या हातून सुटते म्हणून शेजारच्या गोठ्यातूनही मला बोलावणं येतं. लाज मला गाईंची वाटत नाही. तुम्हाला जे सांगत आलो त्याची वाटते.

कसं झालं ते लिहितो. एकदाच लिहितो.

ब्याऐंशी साली दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना मी अब्बांना म्हणालो होतो, "भोपळ्याला भोकं पाडत जन्म काढायचा नाही मला. मी खरी वाद्यं बनवणार." तुम्ही माझ्या कानाखाली मारलीत. अब्बा घोडीवर कानस फिरवत राहिले. हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हाला ठाऊक नाही ते पुढचं.

इथल्या शाळेत गालेत्ती नावाचे मास्तर होते. माझ्यावर जीव होता त्यांचा. इतर मुलं फळी किती जाड राहिली ते मापानं बघायची, मी टिचकी मारून सांगायचो आणि बरोबर यायचं. मास्तर विचारायचे, "हे कुठं शिकलास?" मी म्हणायचो, "आपोआप येतं." अब्बांचं नाव घेतलं नाही मी. एकदाही नाही.

पंच्याऐंशीच्या मार्चमध्ये तुमचं पत्र आलं. अब्बांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. मी ते दारात उभ्यानं वाचलं, खिशात घातलं आणि शाळेत गेलो. कुणाला सांगितलं नाही. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही म्हणून बाकावर बसलो. परीक्षेच्या व्हायोलिनची वरची फळी होती, तीन महिन्यांचं काम. पटाशी लावली, खरवडलं, टिचकी मारली, कान लावला. काही ऐकू येईना. बहिरा झाल्यासारखं. परत खरवडलं, परत टिचकी. फळी कागदासारखी झाली तरी मला आवाज येईना. मग ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चिरली. तो आवाज मात्र आला.

पटाशी पुसली, जागेवर ठेवली आणि बाहेर पडलो. परत गेलो नाही. तुम्हाला लिहिलं, परीक्षा पास झालो. कारण तुम्ही त्याच पत्रात शेवटी लिहिलं होतं, "आता तू तरी मोठा हो."

आता परवाचं. ईदच्या दिवशी गोठ्यातून सुटी घेतली होती. नमाज पढून आलो. एर्सिलियाबाईंनी माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात कोंबडीचं सार केलं होतं. मी जेवेना. "काय झालंय?" म्हणाल्या. मी सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की गालेत्ती मास्तरांकडे जाऊन त्यांच्या कारखान्याचा पत्ता माझा म्हणून वापरायची परवानगी मागणार आहे. बाईंनी पळी खाली ठेवली.

"म्हणजे त्या मुलीला स्टेशनवरून कुठे नेणार? गालेत्तीकडे? आणि दुसऱ्या दिवशी तू एप्रन बांधून तिथे उभा राहणार? तुझ्या अंगाचा वास लपेल का रे, वेड्या? मी तेरा वर्षं बूट बाहेर काढायला सांगतेय."

तरी गेलो. मास्तरांनी शाळा सोडलीय, घराखालच्या कारखान्यात एकटेच काम करतात. ऐंशीला आले. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "कानवाला." नाव नाही आठवलं. ते आठवलं.

मी माझी मागणी सांगितली. ते ऐकत ऐकत एका फळीच्या कडेला सरस लावत होते.

"पत्ता वापर," म्हणाले. "मला काय, कागद आहे. पण मुलगी येऊन विचारेल, माझे काका कुठे बसतात? तिला कुठली खुर्ची दाखवू?"

त्यांनी ब्रश परत सरसात बुडवला.

"त्या दिवशी का गेलास?"

"फळी चिरली."

"माझ्या आठ चिरल्यात. आठवी गेल्याच वर्षी. फळी चिरली म्हणून माणूस जातो होय? दुसऱ्या दिवशी मी तुझ्या बाकावर नवीन लाकूड काढून ठेवलं होतं. आठवडाभर तिथंच होतं. मग दुसऱ्या मुलाला दिलं."

तेव्हा मी सांगितलं, की त्या दिवशी खिशात वडील गेल्याचं पत्र होतं. मास्तरांचे हात थांबले.

"तुझे वडील काय करायचे?"

"सतारी, तंबोरे. आमच्या घरात पाच पिढ्या."

"आणि तू मला आपोआप येतं म्हणालास?"

ते रागावले. खरोखर रागावले, भाई, ऐंशीव्या वर्षी लाल झाले. "तीन वर्षं माझ्यासमोर एका कारागिराचा मुलगा बसला होता आणि मला माहीत नव्हतं! मी काय काय विचारलं असतं त्याला!" मग मला बसवलं आणि जवारी म्हणजे काय ते सांगायला लावलं. मी सांगितलं. घोडीची पाठ किती उतरती, तार सुटताना कशी घासते, तारेखालचा दोरा कुठं सरकवायचा, अब्बा डोळे मिटून कसे थांबायचे. दोन तास झाले. मला वाटलं होतं सगळं विसरलोय. काहीच विसरलो नव्हतो.

निघताना म्हणाले, "मुलीला पाठवायला सांग. प्रवेशाला लागेल ते पत्र मी माझ्या नावानं देतो. तुझ्या नावानं नाही. तू तिला स्टेशनवर घ्यायला जा, आणि गोठा दाखव."

तर असं आहे. तहसीनला इथे यायचं असेल तर राहायला एर्सिलियाबाईंची खालची मागची खोली आहे, मास्तर आहेत. माझा आधार म्हणाल तर एका गवळ्याचा. हे वाचून तुम्ही तिला पाठवायचं नाही ठरवलंत तर तुमचं चुकत नाही. हे पत्र तिला वाचून दाखवायचं की नाही तेही तुम्हीच ठरवा. पण आल्दोचं नाव तिला खरं सांगा. तिनं दोनदा शोधलंय.

दस्तगीर


२ मे १९९९

तीर्थरूप भाई यांना,
सलाम.

तीन महिने तुमचं पत्र नाही म्हटल्यावर मी समजून गेलो होतो. रोज पोस्टमनला एर्सिलियाबाई माझ्याआधी गाठायच्या. परवा पाकीट घेऊन जिना चढून आल्या. गुडघे दुखतात म्हणून चार वर्षांत वर आल्या नव्हत्या.

तुम्ही लिहिलंत, "तू गाई राखतोस का हत्ती, मला फरक पडत न्हाई. पण नऊ वर्षं मी दुकानात आलेल्या हरेक माणसाला ती पेटी उघडून दाखवली. माझ्या भावानं केलंय म्हणून सांगितलं. तुझं खोटं माझ्या तोंडून बोलवलंस. ते मला सोडता येत न्हाई. पोरीचं वेगळं हाय. तिचा पासपोर्ट झालाय. ऑगस्टच्या शेवटी निघंल. स्टेशनवर वेळेत जा."

सोडू नका, भाई. तुमचं बरोबर आहे. मी माफी मागितली तर तुम्हाला ती द्यावी लागेल, म्हणून मागत नाही.

तहसीनसाठी खोलीला रंग दिला. पिवळा. बाई म्हणाल्या पांढरा दे, पण धुक्यात पांढरं बघून मुलगी रडेल. जाड कोट इथेच घेऊ, तिकडून ओझं आणू नका. तिला गालेत्ती मास्तरांनी एक निरोप दिलाय, येताना आपल्या कामाची एक कानस आणि एक जुनी घोडी घेऊन यायची, त्यांना बघायचीय. आणि ती मला काही बोलणार असेल, रागवणार असेल, तर तिला तसंच येऊ द्या. समजूत घालून पाठवू नका.

इकडे आता ऊन पडलंय. पाकोळ्या आल्या, दिवसभर मनोऱ्याभोवती किंचाळत फिरतात. काल मालकाच्या शेतात पहिलं गवत कापलं. तो वास सगळ्या गावात येतो, वकिलाच्या कचेरीत आणि चर्चमध्येसुद्धा. मी गेल्या आठवड्यात दोनदा मास्तरांकडे गेलो. काम करत नाही, बसतो. हात जाड झालेत. पण ते टिचकी मारतात आणि माझ्याकडे बघतात, आणि मी सांगतो.

आता एक विचारायचं आहे. चौदा वर्षं विचारलं नाही.

पंच्याऐंशीच्या त्या पत्रात तुम्ही सगळं लिहिलं होतं. अब्बा आठ दिवस अंथरुणावर होते. कोण कोण भेटायला आलं, दर्ग्यातल्या चिंचेखाली बसणारी मंडळी येऊन कशी गायली, शेवटी पाणी कुणी पाजलं. ते पत्र माझ्याकडे आहे. मी ते इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. त्या हकिकतीत माझं नाव कुठे नाही. मी दोनदा नाही, पन्नास वेळा शोधलं. तुम्ही मला दुखवायचं नाही म्हणून लिहिलं नसेल, किंवा लिहिण्यासारखं काही नसेलच. कुठलं ते मला कळलेलं नाही, आणि कळू नये म्हणूनच मी कधी विचारलं नाही.

त्या आठ दिवसांत अब्बांनी माझं नाव काढलं होतं का?

काढलं नसेल तर तसं लिहा. तहसीनच्या तोंडी निरोप देऊ नका, तुमच्या हातानं लिहा. मी आता एक्केचाळीस वर्षांचा आहे, मला सोसेल. आणि काढलं असेल तर जे बोलले तेच लिहा, वाईट असलं तरी, त्यांच्याच शब्दांत.

वाट बघतोय.

अब्बांचा धाकटा,
दस्तगीर